वीतभर केबलची गोष्ट

यंदाच्या स्नेहसंमेलनात रात्री साडेआठच्या सुमारास घडलेला प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. आपल्या कॉलेजच्या वाद्यवृंदाचे तिसरे गाणे सुरू व्हायचे होते. तृतीय वर्षाचे आमचे गिटारवादक दादा पुढे आले, पायाशी मांडलेल्या रंगीत पेट्यांपैकी एकीवर त्यांनी पाय ठेवला, आणि सभागृहात गिटारऐवजी पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू झाली. दादांनी घाईने दुसरी पेटी दाबली. घरघर थांबली, पण तिच्याबरोबर गिटारही थांबली. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. "गिरणी बंद पडली रे!" असे कोणी तरी ओरडले. दादा काही क्षण तसेच उभे राहिले आणि मग गिटार खांद्यावरून काढून विंगेत निघून गेले.

मंचव्यवस्था सांभाळणाऱ्या समितीत मी होते, त्यामुळे त्यानंतरचे दृश्य मला जवळून पाहायला मिळाले. दादा एवढेच म्हणाले, "विकून टाकतो सगळं." दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत रसवंतीगृहात राबून त्यांनी त्या पाच पेट्या, जुन्या बाजारातल्या का होईना, एकेक करून जमवल्या होत्या, हे मला ठाऊक होते.

वाचकहो, त्या रात्री दोष पेट्यांचा नव्हता, गिटारचा नव्हता आणि दादांच्या बोटांचा तर मुळीच नव्हता. दोष होता एका पेटीला दुसरीशी जोडणाऱ्या केबलींचा. या वीतभर केबलीवर कोणी लेख लिहील असे संपादक मंडळालाही वाटले नसेल. मी काही या विषयातली तज्ज्ञ नव्हे. मी इतिहास घेऊन बी.ए. करणारी विद्यार्थिनी आहे आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच. परंतु माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतात. सोल्डरचा वास आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे यांत मी लहानाची मोठी झाले. त्या शिदोरीवर जे शिकले, ते इथे मांडते आहे.

पेट्या कशासाठी?

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज स्वतःचा असा फारच थोडा. तिच्या लोखंडी तारांखाली चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी असते. तिला पिकअप म्हणतात. तार कंप पावली की गुंडाळीत अतिशय क्षीण विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो. तो केबलीतून ॲम्प्लिफायरकडे जातो आणि तिथे मोठा होऊन आपल्या कानी पडतो. वाटेत त्या आवाजावर संस्कार करणाऱ्या ज्या पेट्या पायाने चालू-बंद करतात, त्यांना पेडल म्हणतात. एक आवाज खरखरीत करते, दुसरी प्रतिध्वनी देते, तिसरी लाटांसारखा हेलकावा. १९६२ साली अमेरिकेत माएस्ट्रो छापाचे 'फझ-टोन' हे पेडल बाजारात आले. १९६५ साली रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या एका गाण्यात त्याचा खरखरीत आवाज जगभर ऐकला गेला आणि गिटारवाल्यांच्या पायाशी पेट्या जमू लागल्या. १९७७ साली जपानच्या बॉस कंपनीने आटोपशीर आकाराची पेडले काढली. तोच घाट आजही सर्वत्र दिसतो. अशी चार-सहा पेडले एका फळीवर पक्की बसवली की झाला पेडलबोर्ड.

आता जरा गणित करू. पाच पेडले असतील तर त्यांच्यामध्ये चार छोट्या केबली लागतात. त्यांना पॅच केबल म्हणतात. शिवाय गिटारपासून पहिल्या पेडलपर्यंत एक लांब आणि शेवटच्या पेडलपासून ॲम्प्लिफायरपर्यंत एक लांब. एकूण सहा केबली. प्रत्येकीला दोन टोके, म्हणजे बारा प्लग. प्रत्येक प्लगमध्ये दोन सांधे, म्हणजे चोवीस सांधे. हे चोवीसही सांधे एकामागोमाग एक साखळीत आहेत. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ जाते, तशीच इथली गत. तेवीस सांधे उत्तम असून एक निखळला, तरी गिटार मुकी.

प्लगचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये

इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे हा तपशील सांगितल्यावाचून राहवत नाही. गिटारचा प्लग पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर जाडीचा असतो. हा मूळचा संगीतातला नव्हेच. १८७८ साली अमेरिकेत न्यू हेवन गावी पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. त्या काळच्या एक्स्चेंजांत एका ग्राहकाची लाइन दुसऱ्याला जोडून देण्याचे काम हाताने चाले. त्यातूनच हा दोरीवजा केबलीचा प्लग आणि तो ज्यात खुपसायचा ते भोक, म्हणजे जॅक, हे साधन रुळले. आपल्यातील ज्येष्ठ प्राध्यापकांना ट्रंक कॉलचे दिवस आठवत असतील. पलीकडे बसलेली ऑपरेटर ताई जो प्लग या भोकातून काढून त्या भोकात घाली, त्याचाच हा वंशज. दिवसभरात शेकडो वेळा खुपसला-उपसला तरी टिकावा म्हणून तो असा दणकट झाला.

या प्लगच्या टोकाला टिप म्हणतात आणि मागच्या दांड्याला स्लीव्ह. दोन्हींच्या मध्ये काळी कडी दिसते, ती दोघांना अलग ठेवणारी. गिटारचा संदेश टिपवरून जातो. स्लीव्ह म्हणजे त्याची परतीची वाट. दोन काळ्या कड्या असलेला प्लग दिसला तर तो स्टीरिओ. साध्या पॅच केबलीला त्याची गरज नाही. आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एका कडीचा प्लग 'पी-३८ मोनो' म्हणून मागितला की मिळतो. पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड ही त्याची मोठी पेठ. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेंजो पार्ट्यांचा इलेक्ट्रिक बेंजो जोडायलाही हीच जात लागते, तेव्हा गिटारशी संबंध नसलेल्या मित्रांनीही हा लेख सोडू नये.

बाहेरून जुळी, आतून परकी

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी मी दादांना आमच्या दुकानात घेऊन गेले. त्यांनी पेडलबोर्ड जसाच्या तसा आणला होता. अण्णांनी पेडलांकडे पाहिलेही नाही. ते म्हणाले, "आधी वायरी काढ."

चारपैकी एक पॅच केबल दादांची नव्हती. आयत्या वेळी त्यांची एक कमी पडली, म्हणून साउंडवाल्याच्या पेटाऱ्यातून दीड मीटर लांबीची एक उचलून, तिचे वेटोळे करून पेडलांच्या अडॅप्टरशेजारी ठेवली होती. दोन्ही टोकांना तेच पाव इंची प्लग. अण्णांनी प्लगची टोपी फिरवून उघडली आणि आत निघाली साधी दोन पदरी वायर. ती होती स्पीकरची केबल!

इथे विषयाचे मर्म आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते. वाद्याच्या केबलीची रचना कांद्याच्या पाकळ्यांसारखी असते. सर्वांत आत तांब्याच्या बारीक तारांचा गाभा, त्यावर प्लॅस्टिकचे आवरण, त्यावर सभोवती तांब्याच्या तारांची जाळी किंवा वेढे आणि सर्वांत बाहेर रबरी किंवा प्लॅस्टिकची साल. ती जाळी म्हणजे शील्ड. आपल्या भोवतीच्या घरगुती विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा दिशा बदलत असतो. ट्यूबलाइट, पंखे, अडॅप्टर यांतून त्याचे अदृश्य क्षेत्र सगळीकडे पसरलेले असते. उघड्या तारेत ते शिरते आणि 'घूंऽऽ' असा आवाज होऊन बाहेर पडते. शील्ड त्याला बाहेरच्या बाहेर अडवते आणि स्लीव्हच्या वाटेने जमिनीकडे लावून देते.

स्पीकरकडे जाणारा प्रवाह मुळातच बलदंड असतो. त्याला ही राखण नको असते, म्हणून स्पीकरच्या केबलीत शील्ड नसते. जाड तांबे तेवढे असते. गिटारचा संदेश मात्र व्होल्टचा जेमतेम दहावा हिस्सा. दादांची ती परकी केबल नेमकी आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलच्या आधी होती. असे पेडल येईल तो संदेश शंभरपटही वाढवते. त्याला गिटार कोणती आणि घरघर कोणती हे कळत नाही. दोन्ही सारखीच वाढतात. आणि याच्या उलट चूकही तितकीच वाईट बरे का! वाद्याची बारीक केबल ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये जोडू नये. तिचा गाभा तो प्रवाह पेलण्याइतका जाड नसतो. केबल तापते आणि ॲम्प्लिफायरलाही धोका पोचू शकतो.

गिटार मुकी का झाली, त्याचे उत्तर दुसऱ्या एका केबलीत मिळाले. तिचे प्लग साच्यात ओतलेल्या अखंड प्लॅस्टिकचे होते, उघडायची सोयच नाही. अण्णांनी ते सुरीने चिरले. आत गाभ्याची तार टिपच्या पत्रीपासून सुटलेली होती, नुसती टेकलेली. पाय आपटला की सुटणार, हलवले की लागणार.

विकत घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, प्लग उघडता येणारा असावा. जे उघडता येत नाही ते दुरुस्त करता येत नाही.

दुसरी, आत केबलीची साल घट्ट धरून ठेवणारी पकड असावी. केबल ओढली गेली तर ताण सालीवर यावा, सांध्यावर येऊ नये. केबली बहुधा मरतात त्या इथेच.

तिसरी, प्लगचा आकार. पेडलांच्या कुशीत जॅक असतील तर सरळ प्लग दोन्ही बाजूंनी जागा खातात. काटकोनात वळलेले, चपट्या डोक्याचे प्लग घेतले तर पेडले जवळजवळ बसतात. काही जण केबलच टाळून दोन तोंडांचा अखंड प्लग दोन पेडलांमध्ये बसवतात. तो टाळावा. पेडलवर पाय पडला की त्याचा सगळा हिसका दोन्ही जॅकना बसतो. केबलीचा लवचीकपणा हा हिसका गिळतो.

चौथी, लांबी. फळीवर पेडले मांडावीत, एका जॅकपासून दुसऱ्यापर्यंत सुतळी हलक्या वळणाने धरावी आणि ती मोजावी. शेजारच्या पेडलांना १५ सेंटिमीटर बहुधा पुरतात. वरच्या ओळीतून खालच्या ओळीत उतरायला ३० लागू शकतात. केबल ताणलेली नसावी आणि तिचे भेंडोळेही होऊ नये.

पाचवी, शील्डचा प्रकार. विणलेली जाळी मजबूत, पण सोलायला चिकट. एकाच दिशेने गुंडाळलेले वेढे सोलायला सोपे आणि वळायला नरम, पण वारंवार मुरडले तर विरळ होतात. फळीवरची केबल एकदा बसली की फारशी हलत नाही, म्हणून तिथे वेढ्यांची शील्ड चालते. गिटारपासून येणारी लांब केबल पायाखाली तुडवली जाते. ती जाळीचीच बरी. पन्नीची शील्ड भिंतीत कायम बसवायच्या कामाला ठीक, सतत मुरडली तर फाटते.

आता ज्यावर पैसे उधळू नयेत ते. सोन्याचा मुलामा गंजत नाही हे खरे, पण त्याने आवाज सोनेरी होत नाही. ऑक्सिजनविरहित तांब्याने वीतभर अंतरात कानाला कळेल असा काही फरक पडत नाही. साध्या एकगाभ्याच्या केबलीवर छापलेला दिशेचा बाण तर निव्वळ शोभेचा.

तरीही "केबलीने आवाज बदलतो" हे गिटारवाले म्हणतात ते सर्वस्वी खोटे नव्हे. गाभा आणि शील्ड जवळ असल्याने केबलीत थोडा विद्युत्‌भार साठतो. या गुणाला धारिता म्हणतात. साधारणपणे एका मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास. पिकअपची गुंडाळी आणि केबलीची धारिता मिळून एक झोपाळा तयार होतो. त्याच्या नैसर्गिक हेलकाव्यापाशी आवाज उठावदार होतो आणि त्याच्या वरचे स्वर मावळू लागतात. अडीच हेन्रीची गुंडाळी आणि तिची स्वतःची १०० पिकोफॅरड धारिता धरली, तर ३ मीटर केबलीला हा हेलकावा सेकंदाला सुमारे ५००० येतो आणि १० मीटरला सुमारे ३०००. (हा हिशेब मी विज्ञान शाखेच्या सरांकडून तपासून घेतला आहे.) म्हणजे केबल लांबली की आवाजाची धार बोथट होते. परंतु १५ सेंटिमीटरच्या चार पॅच केबली मिळून होतात अवघे ६० सेंटिमीटर. लांब केबलींपुढे ती धारिता किरकोळच. शिवाय बफर असलेले एखादे पेडल सुरुवातीला असले, तर त्याच्या पुढच्या केबलींची चिंता जवळजवळ मिटते. बफर म्हणजे क्षीण संदेश घेऊन तोच भक्कम करून पुढे धाडणारे मंडल. तेव्हा पॅच केबलीत महागडे तांबे शोधण्यापेक्षा पक्का सांधा शोधावा.

स्वतः करायची तर

चांगल्या तयार केबली मिळतात आणि ज्याला परवडतात त्याने त्या जरूर घ्याव्यात. पण आम्ही करायचे ठरवले. एक तर पैशाचा प्रश्न होता, आणि दुसरे म्हणजे दादांना आत काय आहे ते बघायचे होते. साहित्य थोडे: एकगाभ्याची शील्ड असलेली ४-५ मिलिमीटर जाडीची केबल, काटकोनी प्लग, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, आत राळ असलेली सोल्डरची तार, धारदार ब्लेड आणि मल्टिमीटर.

प्लगला मागून चढणारी टोपी असेल तर ती आधी केबलीत ओवून ठेवावी. हे वाक्य वाचून आपण हसाल, पण सांधा झाल्यावर टोपी टेबलावर पडलेली पाहण्याचा अनुभव प्रत्येकाला एकदा येतोच. मला दोनदा आला.

मग टोकाची साल हलक्या हाताने कापावी, आतल्या तारा कापू नयेत. शील्डच्या तारा बाजूला घेऊन पिळाव्यात. गाभ्यावरचे आवरण चार-पाच मिलिमीटर सोलावे. आता दोन्ही तारांना सोल्डर पाजायचे. याला इंग्रजीत काहीही म्हणोत, आपल्या आज्या याला कल्हई म्हणतील आणि ते अगदी बरोबर आहे. कल्हईवाला तांब्या-पितळेचे भांडे तापवून, नवसागराने स्वच्छ करून त्यावर कथील फिरवतो. इथे नवसागराचे काम राळ करते, आणि सोल्डरमध्ये मुख्यतः कथील व शिसे असते. प्लगच्या पत्र्यांनाही अशीच कल्हई करून घ्यावी.

त्यानंतर गाभा टिपच्या पत्रीला आणि शील्ड स्लीव्हच्या पत्रीला जोडावी. इथे एकच नियम: उष्णता पत्रीला द्यावी आणि सोल्डर पत्रीच्या उष्णतेने वितळावे. आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून वरून थापले तर ते नुसते चिकटते, मुरत नाही. दोन-तीन सेकंद पुरेत. जास्त वेळ धरले तर गाभ्याचे आवरण वितळून शील्डला भिडते. थंड होईपर्यंत हलवू नये, फुंकर मारू नये. पक्का सांधा गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो, कच्चा सांधा दाणेदार आणि मळका. शेवटी पकड सालीवर दाबून बसवावी. काम हवेशीर जागी करावे आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत, कारण शिसे विषारी असते.

पोचते, पण गळते

पहिली केबल दादांनी केली, दुसरी मी. मल्टिमीटर बीपवर लावला. टिप ते टिप वाजले. स्लीव्ह ते स्लीव्ह वाजले. टिप ते स्लीव्ह वाजले नाही. केबल हलवून, वाकवूनही तेच. म्हणजे तिन्ही परीक्षांत उत्तीर्ण. मी अभिमानाने ती पेडलांमध्ये जोडली, आणि गिटारचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा येऊ लागला! दादांची केबल ठणठणीत, माझी मंद.

अण्णा एका मोटारीला मेगर लावून बसले होते. मेगर म्हणजे वाइंडिंगमधून मोटारीच्या बॉडीत वीज गळते का, ते पाहण्याचे यंत्र. ते न उठताच म्हणाले, "अगं, पोचतं एवढंच बघितलंस. गळत नाही ना, ते कोण बघणार?"

मी म्हटले, "अण्णा, टिप ते स्लीव्ह बघितलं की! बीप नाही वाजला."

"बीप पूर्ण शॉर्ट असेल तर वाजतो. ओहमवर लाव."

ओहमवर लावले, तर टिप आणि स्लीव्हमध्ये काही हजार ओहम दिसले, जिथे काहीच दिसायला नको होते. पूर्ण शॉर्ट नव्हे, पण झिरपणी होती. प्लग उघडून पाहिला तेव्हा कारण सापडले. चांगल्या केबलीत गाभ्याच्या आवरणावर, शील्डच्या आत, कार्बन मिसळलेल्या काळ्या प्लॅस्टिकचा एक पातळ थर असतो. केबल हलताना होणारी खसखस त्यामुळे दबते. पण हा थर थोडाफार वीजवाहक असतो. मी तो साधे प्लॅस्टिक समजून टोकापर्यंत तसाच ठेवला होता आणि तो एकीकडे शील्डला, दुसरीकडे टिपच्या पत्रीला टेकला होता. त्यातून आवाज गळत होता. तो थर टिपपासून चांगला मागे सोलला आणि सांधा पुन्हा केला. मीटर अनंत दाखवू लागला, गिटारचे अंग मोकळे झाले.

हे तिन्ही दोष मला तेव्हा नीट समजले. केबलीची कामे दोन: आतले पोचवणे आणि बाहेरचे येऊ न देणे. मुक्या केबलीने पोचवले नाही, स्पीकरच्या केबलीने बाहेरचे आत येऊ दिले, आणि माझ्या केबलीने आतलेच वाटेत सांडले. म्हणून प्रत्येक नव्या केबलीची परीक्षा बीपवर आणि ओहमवर, अशी दोन्ही घ्यावी. मात्र केबल पेडलांपासून सोडवूनच. मेगर तर पेडलांना चुकूनही लावू नये. त्याचा शेकडो व्होल्टचा दाब मोटारीसाठी असतो.

मंचावर आवाज गेलाच तर घाबरून सगळ्या पेट्या दाबू नयेत. गिटार सरळ ॲम्प्लिफायरला लावावी. वाजली तर दोष फळीवर आहे. मग पहिल्या पेडलनंतर ॲम्प्लिफायर लावून पाहावे, मग दुसऱ्यानंतर. जिथे आवाज जाईल, तिथली केबल बदलावी. यासाठी फळीच्या खाली एक तपासलेली जादा पॅच केबल चिकटवून ठेवावी. आमच्या चारांसोबत आम्ही पाचवी केली, ती याचसाठी. शिवाय संगीत कक्षाच्या कपाटात आता एक डबा ठेवला आहे. त्यात दोन केबली, दोन मोकळे प्लग आणि एक छोटा मल्टिमीटर आहे. ज्यांना केबल करायला शिकायचे असेल त्यांनी मला जरूर विचारावे. वर्गात मी बहुधा तिसऱ्या बाकावर सापडते.

दादांनी पेडले विकली नाहीत. परवाच्या निरोप समारंभात त्यांनी तीच तीन गाणी वाजवली. त्या कार्यक्रमाला अण्णा आले होते. मी कॉलेजात जाऊ लागल्यापासून ते फाटकाच्या आत प्रथमच येत होते. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसले. घरी परतताना गाणी कशी वाटली, असे मी विचारले. त्यातले आपल्याला काही कळत नाही म्हणाले. थोडे चालल्यावर मात्र आपणहून बोलले, "दोन गाण्यांच्या मधी बघितलंस का? सगळ्या पेट्या चालू होत्या, आणि आवाज काहीसुद्धा नव्हता."

— द्वितीय वर्ष, कला